उघडलेले दार आणि न लिहिलेला नियम : मोझेस फ्लीटवुड वॉकर यांची गोष्ट

दरवर्षी १४ एप्रिलला आपण जयंतीच्या मिरवणुकीत असतो. दुसऱ्याच दिवशी, १५ एप्रिलला, अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलमध्ये सगळ्या संघांचे सगळे खेळाडू एकाच क्रमांकाचा शर्ट घालून मैदानात उतरतात. तो क्रमांक आहे ४२. हा जॅकी रॉबिन्सन यांचा क्रमांक. १५ एप्रिल १९४७ रोजी हा कृष्णवर्णीय खेळाडू ब्रुकलिन डॉजर्स संघाकडून मैदानात उतरला आणि गोऱ्यांनी स्वतःपुरत्या राखून ठेवलेल्या या खेळाची भिंत पडली. आपल्या चळवळीतल्या अनेक तरुणांना रॉबिन्सन यांचे नाव माहीत आहे. काहींनी त्यांच्यावरचा चित्रपटही पाहिला असेल.

पण रॉबिन्सन यांच्या ६३ वर्षे आधी, १८८४ साली, एक कृष्णवर्णीय खेळाडू याच दर्जाच्या लीगमध्ये उघडपणे खेळला होता. त्यांचे नाव मोझेस फ्लीटवुड वॉकर. मेजर लीगमध्ये त्यांनी सामनेही ४२ खेळले, हा निव्वळ योगायोग. म्हणजे भिंत मुळातून तिथे नव्हती. दार उघडे होते, एक माणूस आत गेला होता, आणि त्यानंतर ते दार बंद करण्यात आले. हे कोणी केले, कसे केले आणि त्या माणसाचे पुढे काय झाले, हे आपण नीट समजून घ्यायला हवे. कारण मिळालेला हक्क परत कसा काढून घेतला जातो, याचा तो एक धडा आहे.

नदीच्या अलीकडचा मुलगा

वॉकर यांचा जन्म ७ ऑक्टोबर १८५६ रोजी ओहायो राज्यातल्या माउंट प्लेझंट या लहानशा गावी झाला. त्या वेळी अमेरिकेच्या दक्षिणेत गुलामगिरी कायदेशीर होती. ओहायोत ती नव्हती. माउंट प्लेझंटमध्ये क्वेकर पंथाच्या लोकांची वस्ती होती. हे लोक गुलामगिरीचे कट्टर विरोधक. दक्षिणेतून पळून आलेल्या गुलामांना लपवून, रातोरात पुढच्या गावी पोहोचवण्याचे काम या गावातून चाले.

वॉकर यांच्या वडिलांचे नावही मोझेस होते. आईचे नाव कॅरोलिन. मोझेस लहान असतानाच कुटुंब जवळच्या स्ट्यूबेनव्हिल शहरात राहायला गेले. हे शहर ओहायो नदीच्या काठावर आहे. नदीच्या पलीकडे तेव्हा व्हर्जिनिया होते, म्हणजे गुलामगिरी असलेले राज्य. एका काठावर माणूस स्वतंत्र आणि दुसऱ्या काठावर तोच माणूस मालमत्ता, हे रोज डोळ्यांसमोर असलेल्या शहरात हा मुलगा वाढला. वडील पुढे डॉक्टर झाले. ओहायोतल्या सुरुवातीच्या कृष्णवर्णीय डॉक्टरांमध्ये त्यांची गणना होते. नंतर ते मेथडिस्ट चर्चचे धर्मोपदेशकही झाले. १८६० साली धाकटा भाऊ वेल्डी जन्मला. हा भाऊ पुढे मैदानात आणि मैदानाबाहेर मोझेस यांच्या सोबत राहिला.

वॉकर नऊ वर्षांचे असताना, १८६५ साली, अमेरिकेच्या राज्यघटनेत तेरावी दुरुस्ती होऊन गुलामगिरी संपली. ही घटना इकडे महाराष्ट्रातही पोहोचली होती. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली, तेव्हा गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना ती अर्पण केली. त्या मुक्तीनंतरची पहिली पिढी म्हणजे वॉकर यांची पिढी. शिकायचे, पुढे जायचे, देशाचे पूर्ण नागरिक व्हायचे, अशी उमेद घेऊन ही मुले मोठी होत होती.

कॉलेज आणि चेंडू

१८७८ साली वॉकर यांनी ओबर्लिन कॉलेजात प्रवेश घेतला. १८३५ पासून कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश देणारे हे कॉलेज अमेरिकेत अपवाद होते. मुलींनाही तिथे शिकता येत होते. वॉकर सुरुवातीला अभ्यासात चांगले होते, पण हळूहळू मन मैदानात रमू लागले. १८८१ साली कॉलेजचा अधिकृत बेसबॉल संघ उभा राहिला, त्यात वॉकर कॅचर होते. वेल्डीही त्याच संघात आला.

बेसबॉल न पाहिलेल्या वाचकांसाठी थोडे सांगतो. यात चेंडू फेकणाऱ्याला पिचर म्हणतात आणि फलंदाजाच्या मागे बसून तो झेलणाऱ्याला कॅचर. क्रिकेटमधल्या यष्टिरक्षकासारखीच ही जागा, पण जबाबदारी जास्त. पुढचा चेंडू कसा टाकायचा, याची खूण कॅचर बोटांनी देतो आणि पिचर तसा चेंडू टाकतो. म्हणजे अर्धा खेळ कॅचरच्या डोक्यातून चालतो. त्या काळी आजच्यासारखे जाड हातमोजे नव्हते. पातळ चामड्याचे मोजे घालून किंवा उघड्या हातांनीच वेगवान चेंडू झेलावे लागत. बोटे मोडत, तळवे सुजत, बरगड्यांवर मार बसे. कॅचरचे काम त्या काळी सगळ्यात धोक्याचे मानले जाई.

१८८१ च्या उन्हाळ्यात क्लीव्हलँडच्या व्हाइट सोइंग मशीन कंपनीच्या संघाने वॉकर यांना खेळायला घेतले. हा संघ सामन्यासाठी केंटकी राज्यातल्या लुईव्हिलला गेला. केंटकी हे पूर्वीचे गुलामगिरीचे राज्य. तिथल्या इक्लिप्स संघाने वॉकर खेळणार असतील तर आम्ही खेळणार नाही, असे सांगितले. वॉकर यांना बाहेर बसवून सामना सुरू झाला. त्यांच्या जागी आलेल्या कॅचरचा हात थोड्याच वेळात दुखावला. प्रेक्षकांतूनच वॉकर यांना खेळवा, असा आवाज उठला. ते मैदानात आले, सरावाचे काही चेंडू त्यांनी झेललेही. पण यजमान संघाचे खेळाडू अडून बसले आणि वॉकर यांना परत जावे लागले.

तिथले प्रेक्षकही गोरेच होते. त्यांना चांगला खेळ पाहायचा होता. अडवले ते विरोधी संघातल्या खेळाडूंनी. पुढे वॉकर यांच्या आयुष्यात हेच पुन्हा पुन्हा घडले.

टोलेडो

१८८२ साली वॉकर मिशिगन विद्यापीठात गेले. तिथे ते कायद्याचे शिक्षण घेत होते आणि विद्यापीठाच्या संघाकडून खेळतही होते. त्याच वर्षी त्यांनी ओबर्लिनमध्ये भेटलेल्या अराबेला टेलर यांच्याशी लग्न केले. पदवी मात्र ना ओबर्लिनची मिळाली, ना मिशिगनची. १८८३ साली ओहायोतल्या टोलेडो ब्लू स्टॉकिंग्ज या व्यावसायिक संघाने त्यांना करारबद्ध केले. हा संघ नॉर्थवेस्टर्न लीगमध्ये खेळत असे.

हंगाम सुरू व्हायच्या आधीच, मार्चमध्ये, लीगच्या बैठकीत पिओरिया क्लबच्या प्रतिनिधीने ठराव मांडला की कोणत्याही कृष्णवर्णीय खेळाडूला लीगमध्ये घेऊ नये. निशाण्यावर वॉकरच होते. बरीच चर्चा झाली आणि शेवटी ठराव मागे पडला. वॉकर खेळले, आणि त्या वर्षी टोलेडोने लीगचे विजेतेपदही मिळवले.

त्याच हंगामात, १० ऑगस्ट १८८३ रोजी, शिकागो व्हाइट स्टॉकिंग्ज हा देशातला बलाढ्य संघ टोलेडोत मैत्रीपूर्ण सामना खेळायला आला. त्यांचा कर्णधार कॅप ॲन्सन हा त्या काळातला सगळ्यात मोठा खेळाडू. समोरच्या संघात कृष्णवर्णीय असेल तर आपला संघ मैदानात उतरणार नाही, असे त्याने जाहीर केले. खरे तर त्या दिवशी वॉकर यांचे हात दुखावलेले होते आणि त्यांना विश्रांती द्यायचे आधीच ठरले होते. पण ॲन्सनचा हट्ट ऐकल्यावर टोलेडोचे व्यवस्थापक चार्ली मॉर्टन यांनी मुद्दाम वॉकर यांना संघात घातले. खेळायचे नसेल तर तिकीटविक्रीतला वाटा मिळणार नाही, असे शिकागोला बजावले. पैसे बुडतील म्हटल्यावर ॲन्सन मुकाट्याने खेळला.

मॉर्टन यांनी त्या दिवशी मोठे भाषण केले नाही. एक साधा निर्णय घेतला आणि त्यावर ठाम राहिले. एक माणूस ठाम राहिला तर बहिष्कार टिकत नाही, हे त्या दिवशी दिसले. चार वर्षांनी त्याच्या उलट दिसणार होते.

१८८४ : मेजर लीगमधले ४२ सामने

१८८४ साली टोलेडोचा संघ अमेरिकन असोसिएशनमध्ये दाखल झाला. ही लीग मेजर लीग म्हणून मान्यता पावलेली आहे. १ मे १८८४ रोजी वॉकर पहिला सामना खेळले. तो नेमका लुईव्हिलमध्येच होता, तीन वर्षांपूर्वी जिथून त्यांना परत पाठवले होते तिथे. त्या दिवशी त्यांचा खेळ वाईट झाला. फटका एकही लागला नाही आणि चार चुका झाल्या. पण पुढे त्यांचा जम बसला. ४२ सामन्यांत त्यांची फलंदाजीची सरासरी .२६३ राहिली. लीगच्या त्या वर्षीच्या सर्वसाधारण सरासरीपेक्षा ती चांगली होती. वेल्डीही त्या हंगामात टोलेडोकडून मोजके सामने खेळला.

त्यांच्या संघाचा मुख्य पिचर होता टोनी मुलेन. त्याने पुढे अनेक वर्षांनी स्वतःच कबूल केले की वॉकर हा आपल्याला लाभलेला सगळ्यात चांगला कॅचर होता, पण कृष्णवर्णीय माणसाकडून खुणा घेणे त्याला मान्य नव्हते. म्हणून तो वॉकर यांच्या खुणांकडे न बघता मनाला येईल तसा चेंडू टाकत असे. कोणता चेंडू येणार हे माहीत नसताना पातळ मोज्यांनी तो झेलायचा, म्हणजे काय हाल झाले असतील याची कल्पना करा. तरीही वॉकर झेलत राहिले. त्या हंगामात त्यांची बरगडी मोडली.

मुलेनला वॉकर यांचे हात हवे होते. त्यांचे डोके नको होते. आपल्या वाचकांना इथे पळवणकर बाळू आठवतील. पुण्यात त्यांची गोलंदाजी हवी होती, पण मैदानाबाहेर त्यांच्यासाठी चहाचे भांडे वेगळे असे. कौशल्य वापरून घ्यायचे आणि माणूस नाकारायचा, ही रीत दोन्ही देशांत सारखीच होती.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये टोलेडोचा संघ व्हर्जिनियातल्या रिचमंडला जाणार होता. त्याआधी मॉर्टन यांना एक पत्र आले. वॉकर मैदानात दिसले तर ७५ माणसे त्यांच्यावर हल्ला करतील, अशी त्यात धमकी होती. प्रत्यक्षात दुखापतीमुळे वॉकर त्या दौऱ्यावर गेलेच नाहीत. महिना संपायच्या आत टोलेडोने त्यांना संघातून मोकळे केले. कारण दुखापतीचे होते. पण त्यानंतर मेजर लीगच्या कोणत्याही संघाने त्यांना बोलावले नाही. आणि १९४७ पर्यंत कोणत्याही मेजर लीग संघाने एकाही माणसाला कृष्णवर्णीय म्हणून उघडपणे मैदानात उतरवले नाही.

१४ जुलै १८८७

वॉकर खालच्या दर्जाच्या लीगमध्ये खेळत राहिले. क्लीव्हलँड, मग कनेटिकटमधले वॉटरबरी. १८८७ साली ते इंटरनॅशनल लीगमधल्या नेवार्कच्या संघात आले. तिथे जॉर्ज स्टोव्ही हा कृष्णवर्णीय पिचर होता. स्टोव्ही चेंडू टाकतोय आणि वॉकर झेलतायत, ही जोडी त्या हंगामात गाजली. स्टोव्हीने तीसहून अधिक सामने जिंकून दिले. पिचर आणि कॅचर दोघेही कृष्णवर्णीय, असे गोऱ्यांच्या लीगमध्ये याआधी घडल्याची नोंद नाही. आणि इथे मुलेनसारखी खुणांकडे पाठ फिरवणारी व्यक्ती नव्हती.

त्या वर्षी या लीगमध्ये कृष्णवर्णीय खेळाडू अर्धा डझनाहून अधिक होते. बफेलोत फ्रँक ग्रँट, बिंगहॅमटनमध्ये बड फाउलर, सिरॅक्यूजमध्ये रॉबर्ट हिगिन्स. सगळेच गुणी. आणि नेमकी हीच गोष्ट गोऱ्या खेळाडूंना खुपू लागली. एकटा वॉकर होता तोवर तो अपवाद म्हणून चालून गेला. संख्या वाढायला लागली तेव्हा ती जागांची स्पर्धा झाली. सिरॅक्यूजमध्ये हिगिन्सबरोबर संघाच्या छायाचित्रात बसायला त्याच्याच संघातल्या एका खेळाडूने नकार दिला.

१४ जुलै १८८७ रोजी दोन गोष्टी घडल्या. ॲन्सनचा शिकागो संघ नेवार्कमध्ये मैत्रीपूर्ण सामना खेळायला आला. या वेळी ॲन्सनच्या अटीसमोर मॉर्टनसारखा कोणी उभा राहिला नाही. स्टोव्ही आणि वॉकर दोघेही त्या सामन्यात खेळले नाहीत. त्याच दिवशी बफेलोत इंटरनॅशनल लीगच्या संचालकांची बैठक झाली. यापुढे कृष्णवर्णीय खेळाडूंचे नवे करार मंजूर करायचे नाहीत, असे तिथे बहुमताने ठरले. जे आधीच करारावर आहेत त्यांना लगेच काढायचे नव्हते. फक्त नवीन कोणी येणार नाही, एवढीच तजवीज केली गेली.

आपल्याला ही पद्धत नवीन नाही. कोणाला हात धरून बाहेर काढायचे नाही. नवी भरती थांबवायची. आत असलेले एकेक करून कमी होत जातील, मग कोणी उरणारच नाही.

मेजर लीगमध्ये तर एवढाही ठराव झाला नाही. पुढच्या साठ वर्षांत तिथे कोणत्याही नियमपुस्तकात कृष्णवर्णीयांना बंदी असे लिहिलेले नव्हते. मालकांची आपसातली समजूत होती, बस. लिहिलेला नियम असता तर त्याविरुद्ध कोर्टात जाता आले असते. न लिहिलेल्या नियमावर कोणाची सही नसते, त्यामुळे जबाबही कोणाला विचारता येत नाही. ॲन्सनचे नाव इतिहासात खलनायक म्हणून येते आणि ते योग्यच आहे. पण एकट्या ॲन्सनने हे केले नाही. मालक, व्यवस्थापक, सहकारी खेळाडू आणि गप्प बसलेले सगळे त्यात सामील होते. देशातले वारेही त्याच दिशेने वाहत होते. १८८३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८७५ चा नागरी हक्क कायदा घटनाबाह्य ठरवला होता. हॉटेल, रेल्वे, नाट्यगृह अशा ठिकाणी भेदभावाला बंदी करणारा तो कायदा होता. १८९६ मध्ये प्लेसी खटल्यात याच न्यायालयाने कृष्णवर्णीयांना वेगळे ठेवण्याला मान्यता दिली. मैदानात जे झाले ते समाजात होत असलेल्या गोष्टीचाच भाग होते.

१८८८ साली दुसऱ्या एका लीगने कृष्णवर्णीयांसाठी दार बंद केल्याची बातमी आली, तेव्हा वेल्डी वॉकरने त्या लीगच्या अध्यक्षाला उद्देशून खुले पत्र लिहिले आणि ते एका क्रीडा साप्ताहिकात छापून आले. रंगावर नाही, खेळ आणि वागणूक यांवर माणसाला पारखा, अशी त्याची मागणी होती. भेदभावाविरुद्ध खेळाडूने छापील शब्दांत मांडलेली ही एक जुनी आणि महत्त्वाची नोंद आहे. पण वेल्डीच्या मागे संघटना नव्हती. पत्र छापले गेले आणि विषय तिथेच थांबला.

मोझेस वॉकर १८८८ आणि १८८९ असे दोन हंगाम सिरॅक्यूजकडून खेळले. १८८८ मध्ये त्या संघाने विजेतेपद मिळवले. हिगिन्स त्रासून आपल्या गावी मेम्फिसला केस कापण्याच्या दुकानात परत गेला. १८८९ च्या ऑगस्टमध्ये वॉकर यांनाही सोडण्यात आले. त्यानंतर इंटरनॅशनल लीगमध्ये कृष्णवर्णीय खेळाडू दिसला तो थेट १९४६ साली. तो जॅकी रॉबिन्सन.

मैदानाबाहेर

खेळ सुटला तेव्हा वॉकर ३२ वर्षांचे होते. सिरॅक्यूजमध्येच त्यांनी रेल्वेच्या टपाल खात्यात नोकरी धरली. १८९१ च्या एप्रिलमध्ये एका दारूच्या गुत्त्याबाहेर काही गोऱ्या माणसांनी त्यांना अपमानास्पद बोलून अडवले. एक दगड त्यांच्या डोक्यात बसला. झटापटीत वॉकर यांनी खिशातला चाकू काढला आणि त्यात एका हल्लेखोराचा मृत्यू झाला. खुनाचा खटला उभा राहिला. ज्युरी सगळी गोऱ्यांची होती. तरीही जूनमध्ये त्यांना निर्दोष सोडण्यात आले आणि निकाल ऐकून कोर्टात जमलेल्या लोकांनी आनंद व्यक्त केला. तो काळ लक्षात घेता असा निकाल फार दुर्मीळ होता.

नंतर ते स्ट्यूबेनव्हिलला परतले. १८९५ साली पत्नी अराबेला यांचे कर्करोगाने निधन झाले. तीन मुले मागे होती. १८९८ मध्ये त्यांनी एड्ना मेसन यांच्याशी लग्न केले. त्याही ओबर्लिनच्या विद्यार्थिनी. त्याच वर्षी टपालातल्या चोरीच्या आरोपाखाली वॉकर यांना अटक झाली, दोष सिद्ध झाला आणि एक वर्षाची शिक्षा त्यांनी भोगली. हा भाग मी मुद्दाम लिहितो आहे. आपल्याला आपल्या माणसांचे आयुष्य सांगताना डाग पुसून टाकायची सवय आहे. पण वॉकर यांचे मोठेपण त्यांच्या निष्कलंक असण्यावर अवलंबून नाही. त्यांच्याशी झालेला अन्याय ते कसे होते यामुळे कमी किंवा जास्त होत नाही.

तुरुंगातून सुटल्यावर हा माणूस पुन्हा उभा राहिला. स्ट्यूबेनव्हिलमध्ये त्यांनी वेल्डीसोबत हॉटेल चालवले. दोघा भावांनी 'द इक्वेटर' नावाचे वृत्तपत्रही काढले. १९०४ पासून केडिझ या जवळच्या गावात त्यांनी एड्ना यांच्यासह नाट्यगृह चालवले. तिथे नाटके, गाण्याचे कार्यक्रम आणि पुढे मूकपट होत. यंत्रांची त्यांना आवड होती. १८९१ साली तोफगोळ्याच्या एका रचनेचे पेटंट त्यांना मिळाले होते. १९२० साली चित्रपटाच्या रिळांशी संबंधित सुधारणांची पेटंटे त्यांच्या नावावर झाली. कॅचर म्हणून डोके चालवायला ज्याला मुलेनने नाकारले, त्याच्या डोक्याची ही नोंद अमेरिकेच्या सरकारी दप्तरात आहे.

निराशेचे पुस्तक

१९०८ साली वॉकर यांनी 'अवर होम कॉलनी' हे छोटे पुस्तक प्रसिद्ध केले. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचा भूतकाळ, वर्तमान आणि भविष्य यांची मांडणी त्यात आहे. त्यांचा निष्कर्ष कठोर होता. गोरे आणि काळे या देशात बरोबरीने राहूच शकणार नाहीत, म्हणून कृष्णवर्णीयांनी आफ्रिकेत परत जावे, हाच एक मार्ग, असे त्यांनी मांडले.

हे वाचून पहिल्यांदा धक्का बसतो. गोऱ्यांच्या कॉलेजात शिकलेला, गोऱ्यांच्या संघांत खेळलेला, गोऱ्या ज्युरीने निर्दोष सोडलेला माणूस हे लिहितो. पण त्यांचे आयुष्य पाहिले तर हा निष्कर्ष समजतो. ज्या देशाने त्यांना आत घेतले, त्याच देशाने त्यांच्या डोळ्यांदेखत दार लावून घेतले. दार कधीच न उघडलेल्या माणसाला एक आशा तरी असते. उघडून बंद झालेले दार ज्याने पाहिले, त्याची निराशा जास्त खोल असते.

तरीही मला त्यांचा निष्कर्ष पटत नाही. १९०९ साली, म्हणजे या पुस्तकाच्या दुसऱ्याच वर्षी, डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी एनएएसीपी ही राष्ट्रीय संघटना उभी केली. देश सोडायचा नाही, देशाला बदलायला भाग पाडायचे, हा त्यांचा मार्ग होता. चार वर्षांनी, १९१३ साली, बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले. त्या वर्षांत वॉकर ओहायोत आपले नाट्यगृह चालवत होते. बाबासाहेबांसमोरही हाच प्रश्न होता, की जो समाज आपल्याला माणूस मानत नाही त्याचे काय करायचे. १९३५ मध्ये येवल्याला त्यांनी धर्म सोडण्याची घोषणा केली आणि १९५६ मध्ये नागपूरला आपल्याला बुद्धाचा धम्म दिला. त्यांनी विषमतेचे घर सोडले, पण हा देश सोडला नाही. उलट त्याची राज्यघटना लिहिली. वॉकर यांच्याकडे बुद्धी होती, शिक्षण होते, हिंमतही होती. पाठीशी उभा राहणारा संघटित समाज मात्र नव्हता.

शेवट आणि त्यानंतर

एड्ना यांचे १९२० साली निधन झाले. त्याच वर्षी कृष्णवर्णीय खेळाडूंची स्वतःची निग्रो नॅशनल लीग सुरू झाली. वॉकर यांनी केडिझचे नाट्यगृह विकले आणि ते क्लीव्हलँडला गेले. तिथे ११ मे १९२४ रोजी न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. स्ट्यूबेनव्हिलच्या युनियन स्मशानभूमीत त्यांना पुरले. कबरीवर नावाचा दगडसुद्धा नव्हता. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ओबर्लिनशी संबंधित मंडळींनी तो बसवला. २०१७ पासून ओहायो राज्यात ७ ऑक्टोबर, त्यांचा जन्मदिवस, त्यांच्या नावाने पाळला जातो.

१९४६ साली जॅकी रॉबिन्सन इंटरनॅशनल लीगमध्ये उतरले, तेव्हा १८८७ चा तो निर्णय ५९ वर्षांचा झाला होता. त्याच १९४६ साली बाबासाहेबांनी डु बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीय आणि अस्पृश्य यांच्या परिस्थितीतले साम्य मांडले होते. दोन्ही देशांत त्या वर्षी काहीतरी हलत होते. रॉबिन्सन आत गेले ते त्यांच्या असामान्य खेळामुळे. पण ते आत टिकले, आणि त्यांच्यामागून इतर आले, ते तेव्हाच्या बदललेल्या काळामुळे. कृष्णवर्णीयांची वृत्तपत्रे, संघटना, महायुद्धातून परतलेले सैनिक, मतांची ताकद हे सगळे त्यांच्या मागे होते. वॉकर यांच्या मागे १८८४ साली फक्त एक भाऊ आणि एक ठाम व्यवस्थापक होता.

आपल्या घरात पहिला पदवीधर, पहिला अधिकारी, पहिला प्राध्यापक झालेला माणूस असतो. त्याचे कौतुक करायलाच हवे. पण पहिला आत गेला म्हणजे रस्ता खुला झाला, असे समजू नका. मुलाखतीनंतर राखीव जागेसमोर 'नॉट फाउंड सुटेबल' असा शेरा लिहिला जातो, कायम पदांच्या जागी कंत्राटी पदे येतात, भरतीच निघत नाही, तेव्हा १४ जुलै १८८७ ची बैठक आठवा. तिथेही कोणाला शिवी दिली गेली नव्हती. फक्त नवे करार मंजूर करायचे नाहीत, एवढेच ठरले होते. म्हणून प्रत्येक जाहिरातीवर लक्ष ठेवणे, रोस्टर तपासणे, माहितीच्या अधिकारात अर्ज करणे, नाकारलेल्या उमेदवाराच्या पाठीशी संघटना म्हणून उभे राहणे, ही कामे कंटाळवाणी वाटली तरी तीच दार उघडे ठेवतात.

पुढच्या वर्षी १५ एप्रिलला ४२ क्रमांकाचे शर्ट दिसतील, तेव्हा रॉबिन्सन यांना जरूर अभिवादन करा. सोबत वॉकर यांनाही करा. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा यातला मधला शब्द का महत्त्वाचा आहे, हे त्यांच्या आयुष्याने दाखवले.

जय भीम. नमो बुद्धाय.